कडुलिंबावरचा कर्णा आणि मुकी फेरी

मित्रांनो, मी एक जुना कर्णा आहे. लग्नाच्या मांडवाबाहेर, जत्रेच्या माळावर, शर्यतीच्या मैदानात झाडाला उंच बांधलेलं राखाडी रंगाचं मोठं तोंड तुम्ही पाहिलं असेल. तोच मी. कानठळ्या बसवणं हा माझा धंदा आणि तो मी अठ्ठावीस वर्षं इमानेइतबारे केला. माझ्यासमोर उभं राहून दोन माणसं आपसात बोलू शकली, तर मला ती माझी बेअब्रू वाटायची. आज मात्र मी माझी हकीकत जरा हळू आवाजात सांगणार आहे. त्याला कारण आहे, आणि ते ऐकवल्याशिवाय मी तुम्हाला सोडणार नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. ॲल्युमिनियमचा पत्रा साच्यावर दाबून माझं तोंड घडवलं आणि मागे युनिटचा डबा बसवला. त्या डब्यात एक पातळ पडदा असतो. तो थरथरतो म्हणून मी बोलतो. तुमच्या कानातही असाच एक पडदा असतो, हे मला फार पुढे कळलं. म्हणजे आपण तसे भाऊबंदच. फरक एवढाच, की माझा पडदा फाटला तर दुकानात दुसरा मिळतो.

सांगलीच्या एका दुकानातून मला भाऊसोंनी घेतलं. तेव्हा ते चोवीस वर्षांचे होते. कोरेगाव तालुक्यातल्या त्यांच्या गावापर्यंत एसटीत त्यांनी मला मांडीवर घेतलं होतं. कंडक्टर हसून म्हणाला, "ह्ये काय लेकरू हाय व्हय मांडीवर घ्यायला?"

"लेकरूच हाय," भाऊसो म्हणाले. "आन् रडाय लागलं तर तुमची गाडी थांबंल."

घरी पोहोचताच त्यांनी माझ्या गालावर लाल रंगाने 'भाऊसो साउंड सर्व्हिस' असं लिहिलं. सगळी अक्षरं मावेनात, म्हणून शेवटचं अक्षर कडेला वळवलं. ते अजून तसंच आहे.

मग माझे कामाचे दिवस सुरू झाले. मी लग्नं लावली, कुस्त्या जाहीर केल्या, हरवलेली पोरं आईबापांकडे पोचवली, उद्या नळाला पाणी येणार नाही हेही सांगितलं. 'भाऊसोचा कर्णा तीन गावांत ऐकू येतो' असं लोक म्हणत आणि माझी छाती फुगे. एकदा टेम्पोतून पडून माझ्या काठाला पोचा आला, तेव्हा भाऊसोंनी तो रबरी हातोडीने तासभर ठोकून काढला. इतकी माया होती त्यांची.

पण माझा खरा मान होता तो बैलांच्या शर्यतीत. आमच्या भागात तिला 'मैदान' म्हणतात. मोकळ्या रानात शेजारी शेजारी सात चाकोऱ्या आखतात, प्रत्येक चाकोरीत एक हलका छकडा आणि त्याला दोन बैल. सगळे छकडे एकदम सुटतात आणि दूरच्या निशाणापर्यंत सरळ पळतात. आधी गट, मग सेमी आणि शेवटी फायनल. मधली काही वर्षं शर्यतींना बंदी होती. ती उठली, तेव्हा मैदानाच्या कडेच्या कडुलिंबावर भाऊसोंनी मला पुन्हा बांधलं. माझ्याखाली टेबलावर आवाज कमीजास्त करायचं भाऊसोंचं मशीन, शेजारी माईक घेतलेले समालोचक दादासो आणि त्यांच्या मागे हलगीवाले. दादासोंचा आवाज, हलगीचा कडकडाट आणि मधे मी. आम्ही तिघं जमलो की बसलेली माणसं आपोआप उभी राहत.

माझ्या तेव्हाच लक्षात आलं होतं की माझ्या आवाजात माणसं बदलतात. सकाळी चहा पिताना जो गडी 'बैल नुसता दाखवायला आणलाय, पळवायचा न्हाई' असं म्हणत असे, तोच दुपारी हलगी तापली की दावं सोडून बैल चाकोरीकडे नेत असे. बैल तोच असे, ऊन तेच असे. मी मात्र सकाळी गप्प असे आणि दुपारी ओरडत असे. माणसाला धाडस देणारा मीच, असं मला वाटायचं आणि त्याचा मला भारी गर्व होता.

तो गर्व बंदीनंतरच्या पहिल्याच मैदानात उतरला. फायनलला एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा तांबडा बैल होता. सेमीनंतर तो मागचा पाय जपून टाकत होता. म्हातारा माझ्याखालीच उभा होता. तो सोबत्याला काहीतरी विचारत होता, पण सोबत्याला ऐकू जात नव्हतं, कारण मी दादासोंच्या आवाजात गर्जत होतो, "आता मागं सरायचं न्हाई! मर्दानं माघारी फिरायचं न्हाई!" म्हाताऱ्याने इकडेतिकडे पाहिलं, हलगीकडे पाहिलं आणि बैल जुंपला. निशाणाच्या थोडं अलीकडे तो बैल कोसळला. त्यानंतर तो कधी शर्यतीत उभा राहिला नाही. म्हातारा त्याचं डोकं मांडीवर घेऊन मातीत बसला होता आणि मी जिंकणाऱ्याचं नाव तीन तीनदा घेत होतो. मित्रांनो, त्या दुपारची मला आजही लाज वाटते.

भाऊसोंची मुलगी प्रांजल त्या दिवशी मशीनपाशी बसली होती. ती साताऱ्याच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकत होती. परतताना टेम्पोत ती म्हणाली, "आण्णा, त्या आजोबांनी बैल का जुपला? त्यास्नी दिसत हुतं की."

"हौस गं. दुसरं काय?"

"हौस सकाळीबी हुतीच की. सकाळी त्येच म्हनत हुते, जरा लंगडला तरी फायनल सोडीन. मग दुपारी काय झालं?"

मी मागच्या हौद्यात सतरंजीत गुंडाळलेला होतो. उत्तर मला ठाऊक होतं, पण मला कोणी विचारलं नाही.

प्रांजल मोठी चिवट मुलगी. तिने गावच्या शाळेत परवानगी काढली आणि मला तिथल्या खांबाला बांधायला लावलं. तीस मुलांना तिने एकेक फुगा दिला. नियम सोपा होता. फुगा जेवढा मोठा फुगवाल तेवढ्या जास्त लिमलेटच्या गोळ्या, पण फुटला तर एकही नाही. किती फुगवायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. आधी तिने माझ्यातून हलगी जोरात वाजवली, मग मला बंद करून तोच खेळ पुन्हा घेतला. दुसऱ्या दिवशी क्रम उलटा केला, म्हणजे कोणी म्हणायला नको की मुलं खेळाला सरावली.

मी वाजत होतो तेव्हा पहिल्या दिवशी सतरा फुगे फुटले. मी गप्प होतो तेव्हा आठ. दुसऱ्या दिवशी थोडंफार इकडेतिकडे झालं, पण माझ्या वाट्याचे फुटके फुगे जास्तच राहिले. आमच्या शेजारच्या साळूबाईंची नात मात्र आवाज असो नसो, दोन्ही दिवशी फुगे फोडून मोकळी झाली. काही माणसं अशी असतातच. हे ऐकून प्रांजलच्या कॉलेजातल्या बाई म्हणाल्या, "एवढ्या खेळावरून काही सिद्ध होत नाही प्रांजल, पण प्रश्न तू योग्य धरला आहेस. सोडू नकोस."

तिने तो सोडला नाही. घरी तिने वडिलांना समजावलं, "आण्णा, डोक्यात जनू दोघं असतात. एक म्हनतो फुगव, एक म्हनतो थांब. थांब म्हननाऱ्याचा आवाज लय बारीक असतो. कानावर जोराचा ताल आदळाय लागला की छाती धडधडती, हात घाईला येतो आन् तो बारीक आवाज दबतो. मला तरी आसं वाटतं."

"मग काय धंदा बंद करू?"

"धंदा नका बंद करू. पन मशीनचं बटन तुमच्या हातात हाय, येवढं ध्यानात ठेवा."

खरं सांगतो, मला तिचा भयंकर राग आला. मला फुगे फोडणारा ठरवलं! दोन दिवस मी मुद्दाम खरखर केली. पण पुढच्या मैदानात मी नकळत बघू लागलो, आणि एकदा दिसलं ते पुन्हा न दिसल्यासारखं करता येईना. हलगी चढली की माणसाचा पाय ताल धरायचा, मान ताठ व्हायची आणि बैलाकडे बघणारी नजर गर्दीकडे वळायची. मी किती फुगे फोडले असतील इतक्या वर्षांत!

मग तो माघाचा दिवस आला. जत तालुक्यातल्या कोरड्या माळावरून हरणाबाई आपला पांढरा खिलार बैल घेऊन आल्या. त्याचं नाव पाखऱ्या. हरणाबाईंचं घर मेंढरं पाळणारं. पाखऱ्या आठ दिवसांचा असताना त्याची आई मेली, तेव्हा त्यांनी त्याला बाटलीने मेंढीचं दूध पाजून जगवलं होतं. कळपातल्या पुढच्या मेंढ्याची जुनी घंटा त्यांनी त्याच्या गळ्यात बांधली होती. छकडा हाकायला त्यांचा मुलगा दिग्विजय होता, चोवीस-पंचवीसचा, काटक, बोलका. जोडीला शेजारच्या गावचा बैल होता. सकाळी जनावरांच्या डॉक्टरांनी पाखऱ्याला तपासून ठीक म्हटलं. तो गट जिंकला, सेमी जिंकला. जतच्या त्या घराचं नाव पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या मैदानाच्या फायनलला लागलं. दिग्विजयच्या अंगावर लोकांनी गुलाल टाकला.

फायनलच्या आधी मायलेक बैलाला घेऊन माझ्या सावलीत आले. हरणाबाईंनी खाली बसून पाखऱ्याच्या पुढच्या डाव्या पायावरून हात फिरवला. त्यांचा चेहरा बदलला. त्या मुलाला काहीतरी म्हणाल्या. त्याने कानाला हात लावून विचारलं, काय? त्या पुन्हा म्हणाल्या. त्याने मान हलवली, ऐकू येत नाही. कसं येणार? मी वरून ओरडत होतो, "फायनलच्या पयल्या चाकोरीत जतचा पाखऱ्या! आलाय तर घिऊनच जाणार! ह्यो गडी मागं सरायचा न्हाई!" हलगी कडाडली. शिट्ट्या झाल्या. दिग्विजयचा पाय ताल धरू लागला. त्याची नजर आईवरून उठली आणि गर्दीवर गेली. त्याने कासरा हातात गुंडाळला आणि तो पाखऱ्याला छकड्याकडे ओढू लागला. हरणाबाई त्याचा सदरा धरून मागे चालल्या होत्या.

मला तो तांबडा बैल आठवला. मी ठरवलं, आज नाही. आज हे पुन्हा होऊ द्यायचं नाही. पण मी कर्णा, करणार काय? आपला पडदा टराटरा फाटावा म्हणून मी जीव तोडून थरथरलो. फाटेना! चांगला माल बसवला होता ना भाऊसोंनी.

तेवढ्यात प्रांजलने वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला आणि हरणाबाईंकडे बोट केलं. भाऊसोंनी पाहिलं. समोरून मैदान भरवणाऱ्या कमिटीचे अध्यक्ष हात वर करून 'आवाज वाढव' अशी खूण करत होते. भाऊसोंचा हात बटणावर गेला. क्षणभर तो तिथेच थांबला. पंचवीस वर्षांचं नाव होतं त्यांचं, एकाही मैदानात त्यांचं मशीन कधी बंद पडलं नव्हतं. मग त्यांनी बटण फिरवलं, थेट शून्यावर.

मी गप्प झालो. कर्णा गप्प झाला की हलगीवाले हात थांबवून वर बघतात, ही मैदानाची जुनी सवय. तेही थांबले. हजारो माणसं माझ्याकडे बघू लागली. आणि मित्रांनो, त्या शांततेत मला पाखऱ्याची घंटा ऐकू आली. टण, टण, टण आणि मग नुसतं ट. पुन्हा टण, टण, टण, ट. चौथं पाऊल तो टेकवतच नव्हता.

आता हरणाबाईंना ओरडावं लागलं नाही. त्या साध्या आवाजात म्हणाल्या, "ऐकलास रं? डावा पाय उडवतोय त्यो."

दिग्विजय थांबला. त्याने बैलाला चार पावलं मागे आणलं, पुन्हा चार पावलं पुढे नेलं. घंटेने तेच सांगितलं. तिकडे दादासो माईकशिवायच ओरडत होते, "भाऊसो, आवाज दे की गड्या! काय झालं?" भाऊसो बटणावर हात ठेवून तसेच बसले.

दिग्विजयचे डोळे भरले. "आये, नाव लागलंय गं आपलं फायनलला. पयल्यांदा."

"पुढच्या साली लागंल. ह्याचा पाय मोडला तर दुसरा कुठनं आणू मी?"

तो काही वेळ बैलाच्या मानेवर कपाळ टेकवून उभा राहिला. मग त्याने खांद्यावरचा गुलालाने माखलेला पंचा काढला, ओला केला आणि पाखऱ्याच्या पायाला गुंडाळला. "घ्या आमचं नाव मागं," तो पंचांना म्हणाला. डॉक्टर धावत आले. पायाच्या शिरेला आतून सूज होती. "आता पळवला असता तर..." एवढंच ते म्हणाले आणि औषधाची पिशवी उघडू लागले.

फायनल सहाच छकड्यांची झाली. कमिटी भाऊसोंवर खवळली. ऐन वेळी मशीन बंद पडलं म्हणून मैदानाची शोभा गेली, असं म्हणू लागली. गावातल्या भल्या माणसांनी भाऊसोंना सुचवलं, "मशीन बिघडलं हुतं म्हणा. पुढच्या साली परत बोलवतील."

"बिघडलं न्हवतं," भाऊसो म्हणाले. "म्याच बंद केलं."

पुढच्या वर्षी मैदानात दुसऱ्या गावचे स्पीकरचे मोठाले बॉक्स आले. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच आले. मी माळ्यावर मिरच्यांच्या पोत्यांशेजारी पडून राहिलो. उंदरांनी माझी वायर कुरतडली, तोंडात कोळ्याने जाळं केलं. कोणी विचारत नाही याचं दुःख मला झालं, नाही असं नाही. लांबून बॉक्सचा धडधडाट आला की माझा पडदा आपोआप हलायचा. पण भाऊसो अधूनमधून माळ्यावर येत, माझ्यावरची धूळ पुसत आणि खाली जात. त्यांनी कोणापुढे मान खाली घातली नाही. त्यामुळे मीही ठरवलं की आपणही गंजायचं नाही.

यंदा पौषात दादासो स्वतः घरी आले. चहा झाला तरी मुद्द्यावर येईनात. शेवटी म्हणाले, "भाऊसो, त्या दिसापासनं माईक हातात घेतला की मला ती घंटा ऐकू येती. त्या तांबड्या बैलाच्या येळंला मीच वरडत हुतो रं. कमिटीशी बोललोय मी. तू मशीन घिऊन ये."

भाऊसोंनी प्रांजलकडे पाहिलं. ती उंबऱ्यात उभी होती. "येतो आमी काका, पन एका अटीवर," ती म्हणाली. "फायनलच्या आधी कर्णा बंद, हलगी बंद. पर्त्येक बैल गळ्यात घंटा बांधून, येकेक करून कडुलिंबाभवती एक फेरी चालंल, मुकाट. मालक आन् डायवर दोघं ऐकतील. मग जुपायचं का न्हाई ते ठरवतील."

"आन् लोकं वरडली तर?"

"वरडू द्या. मानूस वरडून दमतो. कर्णा दमत न्हाई, तवा त्योच आधी बंद करायचा."

दादासोंनी कप खाली ठेवला. "मुकी फेरी," ते म्हणाले. "सांगतो मी लोकांस्नी."

माघात मी पुन्हा कडुलिंबावर चढलो, नवी वायर, घासून पुसून लख्ख. फायनलच्या आधी दादासोंनी माईकवर मुकी फेरी जाहीर केली आणि भाऊसोंनी मला बंद केलं. पूर्ण शांतता झाली असं खोटं सांगणार नाही. कोणी शिट्टी मारली, कोणी हसलं, एकाचा मोबाईल वाजला. पण बैल चालू लागले तसे लोक हळूहळू गप्प झाले. चौदा बैल एकामागून एक माझ्याभोवती फेरीला निघाले. एका मालकाने अर्ध्या फेरीतच आपला बैल बाजूला घेतला आणि त्याला कोणी हसलं नाही.

सगळ्यांत शेवटी पाखऱ्या आला. हो, तोच. दिग्विजय डोळे मिटून त्याच्याशेजारी चालत होता. टण, टण, टण, टण. चारही पावलं सारखी. फेरी संपली तसं त्याने डोळे उघडून आईकडे पाहिलं.

"लाव," हरणाबाई म्हणाल्या. मग त्यांनी कमरेवर हात ठेवून थेट वर, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "आता वरड रं बाबा, किती वरडायचं त्ये!"

भाऊसोंनी बटण फिरवलं. असा ओरडलो मी, असा ओरडलो, की पाखऱ्या निशाणावरून तिसरा पार झाला त्याच क्षणी माझा पडदा फाटला! त्याचं नाव मी अर्धंच घेऊ शकलो. भाऊसोंनी दुसऱ्या दिवशी सांगलीहून नवा पडदा आणून बसवला आणि मी पुन्हा धडधाकट झालो.

म्हणूनच सांगतो मित्रांनो, माझं सगळं बदलून मिळतं. तुमचं आणि तुमच्या जनावरांचं तसं नाही. मी ओरडणारच, तो माझा धंदा आहे. उद्या तुम्ही मोठे व्हाल, गाडी चालवाल, पुराच्या पाण्यापाशी उभे राहाल, कोणीतरी 'मागं सरू नको' म्हणत असेल आणि कुठेतरी माझा एखादा भाऊबंद जोरात वाजत असेल. तेव्हा जिवावरची गोष्ट ठरवण्याआधी त्याला बंद करा. चार पावलं चालून बघा आणि नीट ऐका. चारही पावलं सारखी वाजली, तर खुशाल मला पुन्हा सुरू करा. मी तिथेच असेन, कडुलिंबावर.